जर्मनचा कॅमेरा

पुण्यात माणसाला छंद असणं ही चैन नाही, ती पत्ता सांगण्याची सोय आहे. "ते नाणीवाले ना? मग पिंपळावरून डावीकडे वळा." "काड्यापेटीच्या चित्रांवाले का? ते मागच्या जिन्याने वर." अशा खुणांवर आमच्या पेठांचा कारभार वर्षानुवर्षं सुरळीत चालला. शेजारच्या शुक्रवार पेठेत दिनकर केळकर घरोघर हिंडून अडकित्ते, दिवे, फण्या आणि दौती गोळा करत होते, तेव्हा लोक त्यांच्या पाठीमागे काय बोलत असतील हे पुणेकराला सांगायला नको. पुढे त्यांनी तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. वीस हजारांच्या वर वस्तू भरल्या. मग तीच मंडळी रीतसर तिकीट काढून नातवंडांना अडकित्ता दाखवायला नेऊ लागली. वेड आणि वारसा यांच्यात अंतर असतं ते एवढंच, एका तिकीटखिडकीचं.

मी बुधवार पेठेत राहतो. हे वाक्य बाहेरगावच्या माणसासमोर उच्चारलं की त्याची एक भुवई वर जाते. ती खाली आणण्यासाठी मला तांबडी जोगेश्वरी, दगडूशेठ गणपती, बेलबाग आणि अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं एवढा ऐवज एका दमात पुढे करावा लागतो. मग तो विचारतो, "आणि आपल्याला छंद कसला?" मी सांगतो, "घडीचे जुने जर्मन प्लेट कॅमेरे गोळा करण्याचा." की दुसरी भुवईही वर जाते, आणि ती मात्र खाली आणण्याचा उपाय मला अजून सापडलेला नाही.

घरात पहिला घोटाळा झाला तो शब्दाचा. आपल्या स्वैपाकघरात 'जर्मन' म्हणजे ॲल्युमिनियम. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. पितळ परवडत नाही आणि स्टील अजून घरात यायचंय, अशा मधल्या काळातला हा धातू. मी पहिला कॅमेरा घेऊन आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी तो हातात घेऊन वजन पाहिलं. "जर्मनचा आहे होय? तरीच हलका. त्यात आंबट काही ठेवू नका हं, काळं पडतं." मी मान डोलावली. आजपर्यंत मी त्या कॅमेऱ्यात आंबट काहीही ठेवलेलं नाही.

काकूंना हसू नका. जर्मन मालाकडे असं खालच्या नजरेने बघण्याची सुरुवात खुद्द इंग्रजांनी केली होती. जर्मन कारखानदार आपल्या देशात हलका माल आणून ओततात अशी विलायतेतल्या व्यापाऱ्यांची ओरड होती. म्हणून १८८७ साली तिथल्या पार्लमेंटने कायदा केला की बाहेरच्या मालावर तो कुठे झाला ते छापलंच पाहिजे. उद्देश असा, की गिऱ्हाइकाने 'मेड इन जर्मनी' वाचावं आणि नाक मुरडून वस्तू खाली ठेवावी. गिऱ्हाइकाने वाचलं, वस्तू वापरून पाहिली आणि पुढल्या खेपेला दुकानात जाऊन तेच छापलेली वस्तू मागितली! सूनबाईची चार घरांत बदनामी करावी आणि त्या चारही घरांनी तिलाच मसाला विचारायला यावं, तसं झालं.

आता हा कॅमेरा म्हणजे काय ते सांगतो. मिटलेला असताना तो कातडी मढवलेल्या जाड पोथीएवढा दिसतो. बाजूची कळ दाबली की समोरची फळी पडते. दिवाणखान्यातली भिंतीला लावलेली घडीची टेबलं असायची, तशी. त्या फळीवर दोन रूळ. आतल्या लेन्सला चिमटीत धरून रुळांवरून पुढे ओढलं की तिच्यामागे काळ्या कातड्याचा भाता उलगडत येतो. पाठीमागे दुधी काच. फिल्म नाहीच. त्या जागी काचेची पट्टी. बहुतेक नऊ बाय बारा सेंटिमीटरची.

काचेवर फोटो काढायची विद्या आपल्याकडे तशी लवकर आली. १८३९ साली पॅरिसला फोटोग्राफीची दवंडी पिटली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. भाऊ दाजींचे धाकटे बंधू नारायण दाजी हे त्यात मानाने होते. पण तेव्हाची काच ओली. तिच्यावर लेप द्यायचा, ती ओली असेतोवर फोटो काढायचा आणि वाळायच्या आत धुवायची. म्हणजे फोटोग्राफर गावाला निघाला की बरोबर काळोखाचा तंबू, बाटल्या, पाणी आणि दोन हमाल. लग्नाचं वऱ्हाड बरं. १८७१ साली मॅडॉक्स नावाच्या एका इंग्रज डॉक्टरने जिलेटिनचा कोरडा लेप सुचवला, आणि हळूहळू तयार काचा दुकानात डबीतून मिळू लागल्या. हमाल सुटले, तंबू सुटला. मग एकट्या माणसाला काखोटीला मारून नेता येईल असा कॅमेरा हवा झाला, आणि तो घडीचा करून दिला जर्मनांनी. एका कंपनीने तर आपल्या कॅमेऱ्याचं नावच 'बर्गहाइल' ठेवलं. डोंगर चढणारे जर्मन एकमेकांना भेटले की असा रामराम घालतात. आपल्याकडे कुणी 'जय शिवाजी कॅमेरा' काढला असता तर सिंहगडावर तो हमखास खपला असता.

नावं हा या छंदातला निम्मा आनंद. 'आयडियल', 'ट्रोना', 'मॅक्सिमार'. या मॅक्सिमारबद्दल मी फोनवर मित्राशी बोलत होतो, ते ऐकून वरच्या मजल्यावरचे काका जिना उतरून खाली आले आणि म्हणाले, "ढेकणांवर चालतं का हो हे?" शटरचं नाव 'कॉम्पूर'. नागपूर, सोलापूर, कॉम्पूर. हे मात्र गाव नव्हे. म्यूनिकच्या फ्रीडरिख डेकेलच्या कारखान्यातून १९१२ साली निघालेलं हे शटर. एका सेकंदापासून सेकंदाच्या दोनशेव्या हिश्शापर्यंत चालणारं. पुढे लेन्स असते झाइसची 'टेसार'. हिचा जन्म १९०२ सालचा. ग्रीक भाषेत चाराला जवळपास असंच काहीतरी म्हणतात, आणि हिच्या पोटात काचेचे चार तुकडे. नावात सगळा हिशेब सांगून मोकळं होण्याची ही पद्धत मला फार आवडते. आमच्या पेठेचं नाव मोगलाईत मोहियाबाद होतं. आता बुधवार आहे, पण दुकानं बुधवारी बंद असतात असं मुळीच नाही.

हे कारखाने कुठले? मुख्य गाव ड्रेस्डेन. १९०९ साली चार कंपन्या एकत्र येऊन तिथे 'इका' झाली. हाइनरिख एर्नेमानचा मोठा कारखाना त्याच गावात, वेगळी चूल मांडून. स्टुटगार्टला कॉन्टेसा-नेटेल, बर्लिनला गोएर्झ. महायुद्ध हरल्यावर जर्मनीत पैशाचं मोल रद्दीइतकं झालं, आणि १९२६ साली या चौघांची मिळून एक 'झाइस इकॉन' कंपनी झाली. चार मानी घराणी, प्रत्येकाची स्वतंत्र लेन्स, स्वतंत्र कुलाचार, आणि सर्वांना एका छपराखाली आणायचं! आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं आणि एक नळ होता. त्यामुळे हे काम किती अवघड असेल याची मला चांगली कल्पना आहे. तरी त्यांनी कॅमेरे काढले. 'आयडियल' आणि 'मॅक्सिमार' इकाच्या माहेराहून आले आणि सासरचं आडनाव लावून चालू राहिले. संग्रह करणारे आम्ही लोक कातड्यावरचा ठसा भिंगाने वाचून ठरवतो, की हा लग्नाआधीचा की नंतरचा.

या सगळ्यांत भाव खाऊन जातात ते 'ट्रॉपिकल' कॅमेरे. उष्ण देशांत दमटपणाने कातडं बुरसतं, सरस सुटतो, साध्या लाकडाला कीड लागते. म्हणून या देशांसाठी खास कॅमेरे केले ते सागवानी. पितळी बिजागऱ्या लावून, पॉलिश करून. आमच्याकडचं लाकूड ड्रेस्डेनला जाऊन मडमेसारखं नटून परत यायचं. मी एक सागवानी कॅमेरा फक्त एकदाच, तोही काचेच्या कपाटाबाहेरून पाहिला आहे. किंमत ऐकून मी घरी आलो आणि आमच्या वाड्याच्या सागवानी खांबांवरून नुसता हात फिरवला. पुढे वाडा पाडला तेव्हा ते खांबही वजनावर गेले.

पेठेतल्या माणसाने जुनं काही शोधायचं म्हणजे जुन्या बाजारात जायचं. तो मंगळवार पेठेत भरायचा, रविवारी आणि बुधवारी. म्हणजे बुधवार पेठेतल्या माणसाने बुधवारी मंगळवारात जायचं, आणि सौभाग्यवतींनी विचारलं तर "मंडईत जातो" म्हणायचं. तिथे गंजक्या पान्यांच्या आणि एका पायाच्या बुटांच्या ढिगात हा कॅमेरा उताणा पडलेला असतो. विकणाऱ्याला तो काय आहे हे माहीत नसतं. पण मला तो हवा आहे, हे त्याला वीस पावलांवरून कळतं.

घरी आणल्यावर पहिली परीक्षा भात्याची. रात्री दिवे मालवायचे, भात्याच्या आत विजेरी लावायची आणि बाहेरून बघायचं. घड्यांच्या कोपऱ्यांतून चांदण्या दिसल्या तर समजायचं, की आतल्या काळोखात उजेड शिरतो आणि फोटो धुरकट होतो. माझ्या एका मॅक्सिमारमध्ये तर अख्खे सप्तर्षी दिसले. कॅमेऱ्याचे भाते सांधणारा मला मिळेना. शेवटी डोक्यात आलं, की भाता हा भाता. सरळ पेटी दुरुस्त करणाऱ्या एका बुवांकडे गेलो. गेली चाळीस वर्षं ते हार्मोनियमचे भाते बांधतायत. मी म्हटलं, "बुवा, पेटी आणलीय. भाता गळतोय."

बुवांनी मान वर केली नाही. "पट्टी कुठली? काळी चार की पांढरी पाच?"

"नऊ बाय बारा," मी म्हटलं.

मग त्यांनी मान वर केली. कॅमेरा हातात घेतला, भाता दोनदा ओढला, मिटला, कानाशी नेला. "सूर नाही हिला." पण कारागीर खरा. पातळ कातड्याच्या पट्ट्या सुरीने आणखी तासून आतल्या कोपऱ्यांना चिकटवल्या, त्या अशा की घडी पूर्वीसारखी सपाट बसावी. चार दिवसांनी दिवे मालवून बघितलं तर आभाळ स्वच्छ. पैसे विचारले तर म्हणाले, "पेटीचे घेतो तेवढेच द्या. ही वाजत नाही, हा काही हिचा दोष नाही."

आता फोटो. पायांवर कॅमेरा उभा करायचा, शटर उघडं ठेवायचं, डोक्यावर काळं फडकं घ्यायचं आणि दुधी काचेत बघायचं. आत सगळं जग उलटं. माणसं खाली डोकं वर पाय, डावीकडचा उजवीकडे. आमचं सगळं कुटुंब एकदा मी अशा अवस्थेत पाहिलं आणि खरं सांगतो, मला ते फार शांत वाटलं. बोलत कुणीच नव्हतं, कारण मी हलू नका म्हणून सांगितलं होतं. मग रुळावर लेन्स मागेपुढे करून चित्र रेखीव करायचं, शटर बंद करायचं, दुधी काच काढायची, तिच्या जागी काचेचा पत्री डबा सरकवायचा, डब्याचं झाकण ओढायचं, श्वास रोखायचा आणि कळ दाबायची. झाकण परत. एवढं करून एक फोटो. डबे मिळून सहा असले तर सहा फोटो, मग घर.

यात गंमत अशी, की पावणे दोन माणसांना फोटोत घ्यायचं तरी आधी विचार करावा लागे. कुणाला मधे बसवायचं, कुणाला पायरीवर, विधवा आत्याला घ्यायचं की नाही, नव्या सुनेने पदर कुठवर घ्यायचा. एक काच म्हणजे एक घरगुती निवाडा. आज माझ्या भाच्याच्या मोबाईलमध्ये अकरा हजार फोटो आहेत, त्यांतले चारशे जेवणाच्या ताटांचे. त्यात निवाडा कुठलाच नाही. ताटाला कुठे बसायचं ते विचारावं लागत नाही.

या कॅमेऱ्यांचे दिवस फिरले ते १९२५ पासून. त्या वर्षी लायका नावाचा छोटा कॅमेरा बाजारात आला, एका गुंडाळीत ३६ फोटो काढणारा. काचेचं ओझं कोण वाहणार? तरी हे आणखी दहा-पंधरा वर्षं तग धरून राहिले. मग कॅमेऱ्यांपेक्षा माणसांचेच दिवस फिरले. झाइस इकॉनचा प्रमुख होता एमान्युएल गोल्डबर्ग. शास्त्रज्ञ माणूस, मायक्रोफिल्मवरचा मजकूर आपोआप शोधून काढणारं यंत्र त्याने १९३१ च्या सुमारास करून दाखवलं होतं. पण तो ज्यू. १९३३ साली नाझी गुंडांनी त्याला पळवून नेलं. सुटल्यावर त्याने देश सोडला, आणि १९३७ साली तो पॅलेस्टाइनला जाऊन स्थायिक झाला. माझ्याकडे 'पेटंट एट्युई' नावाचा एक कॅमेरा आहे, मिटला की पुस्तकाच्या पुठ्ठ्यांइतका चपटा. तो करणारे गूटे आणि थोर्श. तेही ज्यू. थोर्शने १९३८ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या चार्ल्स नोबल नावाच्या माणसाशी सौदा केला : माझा ड्रेस्डेनचा कारखाना तू घे, तुझा फोटो धुण्याचा धंदा मला दे. आपण पागडीच्या खोल्यांची अदलाबदल करतो तशी. थोर्श जिवानिशी सुटला. नोबल ड्रेस्डेनला आला, आणि १९४५ च्या फेब्रुवारीत त्या गावावर बाँब पडले. पाठोपाठ रशियन आले आणि नोबल बापलेकांना धरून घेऊन गेले. मुलगा उत्तरेकडच्या बर्फातल्या छावणीतून १९५५ साली परतला.

हे वाचल्यापासून एट्युई उघडताना माझा हात जरा जपून चालतो. एर्नेमानच्या कारखान्याचा मनोरा मात्र ड्रेस्डेनला अजून उभा आहे. तिथे आता तंत्रविद्येचं संग्रहालय आहे. आमचा बुधवारवाडा १८७९ साली जळाला, त्याचं नाव तेवढं चौकाला उरलं. गावं आपापल्या परीने काही ना काही शिल्लक ठेवतात.

खरं नुकसान झालं ते काचांचं. कॅमेरे सापडतात, कारण ते सुंदर दिसतात. काचा कोण ठेवणार? जड, फुटणाऱ्या, आणि त्यांत माणसं काळ्या तोंडाची नि पांढऱ्या केसांच्या जागी काळ्या केसांची. फोटोग्राफर गेला की त्याची मुलं जागा रिकामी करत. कित्येक काचा गरम पाण्याने खरवडून, साफ करून तसबिरींना बसवल्या गेल्या. एखाद्या घरात दत्ताच्या तसबिरीवरची काच पूर्वी कुणाचे तरी आजोबा होती, हे त्या घराला ठाऊकही नाही. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकडच्या पेठांतून काय काय वाहून गेलं त्यात अशा काचा किती, त्याची मोजदाद व्हायचा प्रश्नच नव्हता.

म्हणून सांगतो. तो सप्तर्षीवाला मॅक्सिमार घेतला तेव्हा त्याच्याबरोबर तीन पत्री डबे आले होते. दोन रिकामे. तिसऱ्यात काच होती. धुतलेली, सुकलेली, आणि का कोण जाणे, परत डब्यात ठेवलेली. खिडकीला लावून भाच्याने मोबाईलवर तिचा फोटो घेतला, काळ्याचं पांढरं केलं, आणि आमच्या टेबलावर एक वाडा उगवला. चौक, तुळशीवृंदावन, अकरा माणसं. मधे नथ घातलेल्या आजी. पायरीवर एक पोरगा, ऐन वेळी मान हलवलेला. त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

लेन्सवर नंबर होता. झाइसच्या नंबरांच्या याद्या आहेत. पाच मिनिटांत कळलं की लेन्स १९२८ च्या आसपासची. यंत्राचा जन्म कधीचा हे जर्मनांनी लिहून ठेवलं होतं. अकरा माणसांपैकी एकाचंही नाव कुणी कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी छापील प्रत घेऊन पेठेत हिंडलो. पहिल्या आठवड्यात पाच घरांनी त्या मधल्या आजी आमच्याच म्हणून हक्क सांगितला. नथ तीच, नऊवारी तेच, आणि सगळ्या जगावर नाराज असल्याची मुद्राही तीच. त्यांचंही चुकत नव्हतं. शेवटी नव्वदी ओलांडलेल्या एका आजींकडे गेलो. त्यांनी नथवालीकडे बघितलंच नाही. पायरीवरच्या धुरावर बोट ठेवलं. "हा आमचा थोरला भाऊ. आमच्यात फोटोला हलणारा हा एकटाच. पुढे तापात गेला. त्याचा दुसरा फोटो नाही."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "मागे लिहून ठेव हो. पेन्सिलीने लिही, शाई उमटते पुढे." मी लिहिलं. भाऊ, नथवाली आजी, वडील, काकू अशी चार नावं त्यांनी आडनावासकट सांगितली. मी विचारलं, "आणि हे बाकीचे सात?"

आजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, सातही जणांवरून नजर फिरवली आणि एका शब्दात निकाल दिला. "बिऱ्हाडकरू."

तेव्हा चार जणांचा प्रश्न मिटला आहे. ते सात मात्र गेली नव्वदेक वर्षं हलू नका म्हटल्यावर जराही न हलता, कुणी ओळखेल म्हणून चौकात उभे आहेत. तुमच्या घरी कुणी आमच्या पेठेत भाड्याने राहिलेलं असेल तर एकदा येऊन बघून जा. पत्ता सोपा आहे. बुधवार चौकात उतरायचं, आणि जर्मनच्या कॅमेऱ्यांवाले कुठे राहतात म्हणून विचारायचं. येताना पेन्सिल आणा.